वाळूची बाजू घेणारी आत्या

माझी आत्या काचकारखान्यात बत्तीस वर्षं वाळू तपासत होती. निवृत्तीनंतर घरी बसेल तर ती आत्या कसली! तिने लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायला घेतली. टाकीत प्रवाळ होतं आणि वाळूत बीळ करून राहणारा बोटभर मासा. तो डोकं वर काढायचा, तेवढा वेळ पोरं रडायची विसरत.

यंदा टाकीत तपकिरी थर धरला. आत्या पुसायची, दोन दिवसांत पुन्हा तेच. प्रवाळही मिटून बसलं. माशांचा दुकानदार टाकीकडे धड न बघताच म्हणाला, "वाळूतली सिलिका पाण्यात विरघळतेय, त्यावर हे शेवाळ पोसतंय. सगळी वाळू काढा." डॉक्टरीणबाईंनी पुढचा शनिवार ठरवला. बीळ गेलं की मासा जगणार नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

"जी वाळू भट्टीतसुद्धा आम्हाला सहजासहजी दाद देत नव्हती, ती याच्या मिठाच्या पाण्यात विरघळणार?" आत्या फणफणली.

"तू काय वाळूची वकील आहेस?" मी विचारलं.

"आहे. पण आधी तपासते."

तिने दोन बरण्या घेतल्या, मुद्दाम प्लास्टिकच्या. काचही वाळूचीच, उगाच कुणी बोट दाखवायला नको. एकीत विकतचं शुद्ध पाणी, मीठ आणि टाकीतली धुतलेली वाळू. दुसरीत नुसतं दवाखान्यातल्या फिल्टरचं पाणी, जे मीठ घालून टाकीत भरतात ते. शुक्रवारी दोन्हींत तपासणीचे थेंब टाकले; सिलिका असेल तर पाणी निळं होतं. वाळूचं पाणी जवळपास तसंच राहिलं. फिल्टरचं गडद निळं झालं.

मी टाळीसाठी हात पुढे केला. आत्याने दिली नाही. फिल्टरमधले सिलिका धरून ठेवणारे दाणे निकामी झाले होते आणि ते बदलणं तिचंच काम होतं.

ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. "चूक माझी आहे. दाणे बदलायचे राहिले. मला काढायचं तर काढा, पण वाळूला हात लावू नका."

"तुम्ही तर कधी विसरत नाही. राहिलं कसं?"

"राहिलं."

"तुम्हाला काढून मासा कुणाच्या हवाली करू?" त्या हसल्या.

नवे दाणे भरायला मी मदतीला गेलो. फिल्टरवर आत्याच्या अक्षरात बदलायची तारीख चिकटवलेली होती. माझ्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. मी तोंड उघडणार, तोच तिने डोळे वटारले.

तेव्हा मी गप्प बसलो. ती रागावेल, तरी आज सांगतो: त्या दिवशी आणि पुढचे सोळा दिवस ती माझ्या उशाशी होती.