चिठ्ठी डब्याबरोबरच जाते

दिंडोशीत आमचा मसाल्याचा डंक आहे. उन्हाळ्यात बायका वर्षाचा मसाला कुटायला आणतात. त्यांचे नंबर मी वहीत लावते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एकीचा मसाला दुसरीला कधी गेलेला नाही.

यंदा मुलाने ठरवलं, नंबर वेबसाइटवर लावायचे. साइट नातीने बनवली, ती तेच शिकते. सोमवारपासून वही बंद, असं त्याने मला न विचारता सांगितलं. मी म्हटलं, आधी मी बघणार.

शेजारणीला तिच्या मोबाईलवरून नंबर लावायला बसवलं. तिने पहिल्या पानावर नाव घातलं, मालवणी मसाला, धणे कमी, दगडफूल नको, सगळं भरलं. दुसऱ्या पानावर वेळ निवडली. आमच्याकडे आली नुसती वेळ. बाकी कोरं.

मुलगा म्हणाला, फोन करून विचारू. शेजारीण म्हणाली, "आणि विसरलात तर? वर्षभर दगडफूल मी खाऊ?"

नात म्हणाली, पहिलं पान काम झालं की मोबाईलला दुसऱ्या पानाचा पत्ता देतं. मोबाईल तिथे नव्याने जातो, आधीचं काही नेत नाही. त्याला रिडायरेक्ट म्हणतात.

"मग आतल्या आत का देत नाही?" मी विचारलं. "आमच्याकडे मसाला भाजणारी डबा, काय हवं-नको त्या चिठ्ठीसकट, डंकावर देते. जिचा मसाला ती बाई बाकावर बसून असते, तिला कोणी उठवत नाही."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?" मुलगा म्हणाला.

"डबा कळतो."

नातीने साइट पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाली, तसंही करता येतं, त्याला फॉरवर्ड म्हणतात. तिने ते बदललं. फक्त नंबर नोंदला गेल्यावर रिडायरेक्टच ठेवलं, नाहीतर कोणी पान पुन्हा उघडलं की तोच नंबर दोनदा लागेल म्हणे. ते मला पटलं. काम झाल्यावर बाईने दुकानाबाहेर जायलाच हवं.

शेजारणीने पुन्हा भरलं. या खेपेला दगडफुलासकट सगळं आलं. मुलाने विचारलं, आता खूश?

मी म्हटलं, खूश कशाला? आधीच विचारलं असतंस तर पोरीची मेहनत वाचली असती. आणि वही मी सोमवारी बंद करणार नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्या बायकांनी कुठे जायचं?