गाडीच्या मेंदूत तेल

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा पांढरा शर्ट कामातून गेला होता. मी घातलेला घोळच तसा आहे!

तर, माझा मेहुणा श्रीधर. कसबा पेठेत राहतो, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. त्याने त्याची ऑटोमॅटिक गाडी मला विकली. वापरलेली, पण काय गाडी! गिअर टाकायचे कष्टच नाहीत. मग काय, मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागलो आणि पंधरा दिवसांत तज्ज्ञ झालो! कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये सापडेल त्याला धरून सांगायचो, "गिअरबॉक्सला कॉम्प्युटर असतो, बरं का! गाडीचा मेंदूच म्हणा. आणि गिअरचं तेल असतं लाल. ते गळलं की वायरीच्या आतून चढत चढत थेट मेंदूत! समईच्या वातीतून चढतं ना, तसं!"

लोक जिन्याने जायला लागले.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पौड रस्त्यावर गाडीने गचका खाल्ला. समोर पिवळा दिवा लागला आणि गिअर बदलेचना. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अहो, खरंच! इतके व्हिडिओ बघितले ते वाया गेले नाहीत!

गाडी कशीबशी घरी आणली. डॅशबोर्डखाली डोकं, पाय बाहेर पार्किंगमध्ये. मेंदूच्या डब्याचा प्लग उपसला आणि बघतो तर काय, लाल! तेलकट, चकचकीत लाल! त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. गिअरच्या तेलाचा वास कसा असतो हे मला आजतागायत माहीत नाही, पण मी छातीठोकपणे ओरडलो, "गिअरचं तेल!"

बायको, मंदा, धावत खाली आली. "अहो, हळू! वॉचमन बघतोय."

"बघू दे! तुझ्या भावाने गळकी गाडी माझ्या गळ्यात मारली!"

"आधी मिस्त्रींना दाखवा तरी."

"दाखवायचं काय? डोळ्यांनी दिसतंय!"

आणि मी काय केलं माहितीये? त्या लाल बोटाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'श्रीधर, गिअरचं तेल गळतंय हे माहीत असूनही गाडी दिलीस ना?' बेचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर!

श्रीधरचा लगेच फोन. "दाजी, मला खरंच ठाऊक नव्हतं. पण मी तुम्हाला फसवणारा वाटत असेन, तर भाऊबीजेला तुमच्या दारात कोणत्या तोंडाने येऊ?" ठेवूनच दिला फोन.

मंदाने दोन दिवस मला चहा नुसता आपटून दिला. तिसऱ्या दिवशी बोलली, तेही भिंतीकडे बघून. "आपलं लग्न झाल्यापासून त्याने एक भाऊबीज चुकवलेली नाही. तो आला नाही तर ओवाळू कोणाला? तुमच्या त्या मेंदूला?"

ती आत निघून गेली आणि मला फार वाईट वाटलं. पण मी बरोबर होतो ना! म्हटलं, मिस्त्रींच्या तोंडूनच वदवू. दोघं गेलो कर्वेनगरला बाबूराव मिस्त्रींकडे. मी त्यांना अर्धा तास सगळा प्रकार समजावून सांगितला, वातीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का साहेब? मग जरा बाजूला व्हा."

त्यांनी प्लग काढला, उजेडात धरला, वास घेतला. परत घेतला. मग चिमट्याने आतून काहीतरी ओढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे काय हाय?"

तांदळाचा दाणा!

"गिअरच्या तेलात तांदूळ? व्हिडिओत हाय का कुठं?" बोलता बोलता त्यांनी दुसरा दाणा काढला. मग झेंडूची पाकळी. "खोबरेल हाय हे साहेब. कुंकू कालवलेलं."

मंदा सावकाश माझ्याकडे वळली. "अहो, दसऱ्याला गाडीची पूजा करताना मी नारळ आणायला वर गेले होते. तेव्हा तुम्ही खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसला होतात. ती कशाला?"

आठवलं! सगळं लख्ख आठवलं! बॉनेटला, स्टिअरिंगला सगळेच कुंकू लावतात. पण सगळं काम करणाऱ्या बिचाऱ्या मेंदूला कोण विचारतं? म्हणून मीच डॅशबोर्डखाली शिरून, प्लग उघडून, आत चांगलं सढळ हाताने कुंकू लावलं होतं. वर अक्षता, वर फूल. आणि विजेच्या वस्तूला पाणी चालत नाही, म्हणून मुद्दाम तेलात कालवलं होतं! काय ती हुशारी! विसरलो कसा म्हणता? अहो, डोक्यात व्हिडिओ सोडून दुसऱ्या कशाला जागाच नव्हती!

बाबूरावांनी प्लग साफ केला. दिवा गेला, गिअर पडायला लागले. "आता परत पुजू नका," एवढंच म्हणाले.

तिथून तडक कसबा पेठ. श्रीधरच्या दारात कान पकडले, ग्रुपवर बेचाळीस जणांसमोर खरं काय ते, बोट हुंगण्यासकट, लिहिलं. श्रीधर फक्त "बघतो" म्हणाला.

भाऊबीजेला अकरा वाजले, बारा वाजले. मंदा तबक तयार ठेवून सारखी दाराकडे बघत होती. मी दहादा गॅलरीत जाऊन खाली बघून आलो. आणि बेल वाजली! आला! मंदाने डोळे पुसत त्याला पाटावर बसवलं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

श्रीधरने तबकातल्या कुंकवात शांतपणे बोट बुडवलं. नाकाशी नेलं. डोळे मिटून भरपूर वास घेतला. मग सगळ्या घरासमोर, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, तो मला म्हणाला,

"दाजी, गिअरचं तेल!"