लिव्हर कोण ओढणार?

"जोर लावा ताई, अजून थोडा!" मी म्हणत होते आणि सुनंदाताई त्या लिव्हरला अक्षरशः लोंबकळल्या होत्या. पाय जमिनीवरून सुटायचे तेवढे बाकी. डाय उघडली. आत निम्मंच टोपण. चौथं टोपणही तसंच.

याला आम्ही शॉर्ट शॉट म्हणतो. हँड मोल्डिंग मशीनमध्ये प्लास्टिकचा दाणा वितळतो आणि लिव्हर खाली ओढला की तो रस डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबला जातो. दाब कमी पडला की माल अर्धवट येतो. मशीन बारीकसं, टेबलावर मावणारं. मी सातपूरच्या ज्या छोट्या कंपनीत सेल्स इंजिनियर होते, तिथं ते बनायचं. गोष्ट दोन हजारच्या आसपासची.

सिडकोतल्या सुनंदाताईंच्या घरामागच्या खोलीत ते बसवलं होतं. ठिबकच्या नळीच्या टोकाला लागणारी टोपणं काढायची होती. सोमवारी पिंपळगावच्या डीलरला सॅम्पल द्यायचं, पास झालं की द्राक्षाच्या अख्ख्या सीझनचं काम. त्या भरवशावर ताईंनी ब्लाऊज शिवणं बंद करून गिऱ्हाइकं परत पाठवली होती.

मशीन मीच निवडून दिलं होतं. टोपण किती ग्रॅमचं, दाणा कुठला, लाईट सिंगल फेज का, सगळं विचारलं होतं. विचारलं त्यांच्या मिस्टरांना, दिलीपरावांना. डेमोलाही लिव्हर त्यांनीच ओढला. "एकदम स्मूथ आहे," म्हणाले. ताई शेजारी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "पण हे ओढायला..." मी म्हणाले, "ताई, चहा घ्या ना, गार होतोय."

दिलीपराव कंपनीत शिफ्टला जायचे. मशीन दिवसभर ताईच चालवणार होत्या.

मी त्यांच्या घरातूनच आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"सर, ताईंना लिव्हर ओढवत नाहीये."

"मग बाई चालवणार हे आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?" साहेबांचा आवाज मुळातच खणखणीत. खोलीभर ऐकू गेला.

"हो सर," मी म्हणाले. हो म्हणाले मी!

फोन ठेवला. ताई हाताला आलेला फोड बघत होत्या. "मॅडम, मी तिथंच बसले होते की. मला विचारलं कुणी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्याही कंपनीत गेलं की मला पहिला प्रश्न असायचा, "इंजिनियर कधी येणार?" आणि बरोबरच्या हेल्परला खुर्ची मिळायची. घरी येऊन मी त्यावर तासभर तणतणायचे. आणि इथं मीच काय केलं? तेच, वर चहाचा आग्रह करून.

त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं, चूक गिऱ्हाइकाची नाही, माझी आहे. लिव्हरऐवजी हवेच्या दाबावर चालणारं मशीन बदलून द्या. ते बरंच बोलले. शेवटी तयार झाले. पण मशीन आणि कॉम्प्रेसर येईपर्यंत सोमवार उलटून गेला. डीलरनं काम दुसऱ्याला दिलं. मी त्याला जाऊन भेटले, विनवण्या केल्या. तो म्हणाला, "मॅडम, छाटणी कुणासाठी थांबते का?"

नवं मशीन घ्यायला ताई एकट्याच आल्या. मी सवयीनं पुढं होऊन दाखवायला लागले.

"तुम्ही नका दाखवू," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा, मी बघते."

मी बाजूला झाले. त्यांनी पायानं पेडल दाबून पाहिलं, डाय स्वतः काढली, स्वतः बसवली. मला एक शब्दही विचारला नाही. पुढे त्यांना बाटल्यांच्या झाकणांचं काम मिळालं, पण त्या वर्षीचा सीझन गेला तो गेलाच.

ग्रॅम, दाणा, फेज हे कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं. मशीनपुढं उभं कोण राहणार, ते कुठंच छापलेलं नसतं. ते विचारावं लागतं, आणि जो उभा राहणार त्यालाच.