सत्तारभाईंच्या कपाटातला फॉर्म

बायांनो, सत्तारभाईंनी काय केलं ते तुम्ही विसरलेच असाल. काल काय जेवले तेही आठवत नाही तुम्हाला.
म्हणून आपल्या ग्रुपवर मी सांगते, नात टाईप करते.

बाभुळगावचे सत्तारभाई आज सकाळी गेले.

स्टँडजवळ त्यांचं दुकान. परदेशातून आलेले पैसे लोकांना द्यायचे, रीतसर लायसन घेऊन.
कापसानं दगा दिला त्या वर्षांत माझा विलास कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेला. त्याचे पैसे तिथंच यायचे.

दर वेळी ओळखपत्राची झेरॉक्स. दर वेळी अंगठा. दर वेळी नवा फॉर्म.

"सत्तारभाई, आत्ता चहा पाजला तुमी मले. इतक्यात विसरले काय?"
"मी ओळखतो भाभी. सरकार नाही ओळखत."

मग प्रश्न. पोरगा कुठं राहते? कोणती कंपनी? तिथला फोन?
"कायले? सोयरीक करता काय?"
हसायचे. पण विलासला विचारून आणायला लावायचे. रकाना रिकामा सोडायचे नाहीत.

मला मोठं नवल. अक्षर येत नाही मला, पण एवढे कागद वाचतं तरी कोण?
पाच वर्षं ठेवा लागते म्हणे. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल नाही अन् कागदांना लोखंडी कपाट!

एकदा नागपूरहून साहेब आला तपासायला. मी विचारलं, "साहेब, माहा अंगठा पाह्यला काय? कसा वाटला?"
साहेब लाजला. सत्तारभाईंनी कपाळाला हात लावला.

मग विलासचा फोन बंद झाला.
दोन महिने. ना पैसे, ना आवाज. सून जेवेना.

मी दुकानात जाऊन म्हटलं, पोरगा सापडत नाही.
सत्तारभाईंनी कपाट उघडलं, गठ्ठा सोडला. शेवटच्या फॉर्मवर कंपनीचा नंबर होता. स्वतःच्या फोनवरून लावला. बराच वेळ हिंदीत भांडले.

संध्याकाळी सत्तारभाईंच्या फोनवर तिकडून फोन आला. मी दुकानातच होते.
"माय? नंबर कुठून भेटला तुले?"
अपघात झाला होता. मोडका पाय घेऊन दवाखान्यात पडला होता पोरगा. मोबाईल गाडीतच चेंदला.

मी रडतच सुटले. सत्तारभाई ओरडले,
"रडता कायले भाभी, बोला ना! लाईन कटन!"

विलास आता थोडा लंगडतो. आज जनाज्याला खांदा द्यायला तोच पुढं होता.

जा सत्तारभाई, सुखानं जा.

तीन दिवस त्यांच्या घरी चूल पेटणार नाही. मी उद्या वरण-भात नेते. तुम्ही ज्वारीच्या भाकरी पाठवा, मऊ. त्यांच्या घरवालीला, हमीदाबीला दात नाहीत. अन् वांग्याच्या भाजीत तिखट बेतानं टाका.