चासीवरच्या पिवळ्या खुणा

कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही. कॅनडात, हॅलिफॅक्सला आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ पिकअप ट्रकच्या कंपनीवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. मला नसती भांडणं ओढवून घ्यायची हौस नाही.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मी होमकेअर नर्स. माझे बहुतेक पेशंट म्हातारे आणि शहराबाहेरचे, अशा खडीच्या रस्त्यांवरचे, की तिथे बर्फ काढणारी गाडी दुपारी पोचली तर पोचली. बरोबर वॉकर, कमोडची खुर्ची, कधी कधी अख्खी गादी न्यायची. त्या ऑक्टोबरात आमच्या छोट्या गाडीने मान टाकली आणि मी घरात जाहीर केलं की मला फुल-साइझ पिकअप हवा. सेकंडहँड चालेल, पण बर्फ पडायच्या आत हवा.

नवरा आयटीतला. त्याने लगेच एक्सेल शीट उघडली. तीन कंपन्या, तीन रंग, पुढे रिसेल व्हॅल्यू आणि लोकांचे रिव्ह्यू. मार्कहॅम-टोरोंटोच्या झाडून सगळ्या मराठी मित्रांना त्याने ईमेल टाकली. त्यातल्या एकाच्याही दारात आयुष्यात ट्रक उभा राहिला नव्हता, पण सगळ्यांनी ठामपणे लिहिलं, डोळे मिटून जपानी घे. आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं वेगळं. ते नौदलातून निवृत्त झालेले, उंचेपुरे. "आमच्याकडे आजोबांपासून एकच कंपनी. दुसरी आणलीस तर माझ्या ड्राइव्हवेसमोर उभी करू नकोस," असं त्यांनी मला हसत हसत, पण अगदी खरंखुरं सांगितलं. तिसऱ्या कंपनीच्या बाजूने बोलायला कोणीच नव्हतं.

घरात आणखी एक माणूस होता, ज्याला कोणी विचारलंच नव्हतं. माझे सासरे. नागपूरकडच्या एका बसडेपोच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी घेऊन आलो होतो. त्याला आता चार महिने होत आले होते, आणि चार महिन्यांत या माणसाने ऐकलेलं एकच वाक्य म्हणजे, "बाबा, राहू द्या." वॉशिंग मशीनला हात लावला, राहू द्या. थर्मोस्टॅट फिरवला, राहू द्या. मग ते खिडकीशी बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. "याचा बेल्ट सैल हाये," असं स्वतःशीच म्हणायचे.

म्हणून एका रविवारी जेवताना मी म्हणाले, "ट्रक बाबा निवडतील."

"त्यांना इथलं काय कळतं?" नवरा म्हणाला. त्यांच्यासमोर. मेल्याला जरा तरी कळायला हवं होतं! जेवण झाल्यावर बाबा खोलीत गेले आणि बॅगेतून एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. लाकडी मुठीचा. नागपूरहून लोणच्याच्या बरणीशेजारी गुंडाळून आणला होता. का आणला, कोण जाणे.

पहिला ट्रक बघायला गेलो तो शेजाऱ्यांच्या कंपनीचा. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला लावलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. डॉक्टर छाती तपासतात तसं. विकणारा माणूस खिशात हात घालून बघत राहिला. "अॅव्हरेज किती देते?" हे बाबांनी मला विचारायला लावलं, आणि मी ते इंग्रजीत विचारल्यावर त्या माणसाला प्रश्नच समजला नाही. दहा मिनिटांनी बाबा सरळ झाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला होता.

"बेटा, घेऊन टाक. असं इंजिन मी वीस वर्षांत ऐकलं नाही."

मी विकणाऱ्याला शब्द दिला. फक्त आधी गॅरेजमध्ये दाखवू, एवढंच ठरलं. शेजारी तर खूश, बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. ट्रक लिफ्टवर वर घेतला, खाली गेला आणि स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर चासीत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. वरून तांबडे पापुद्रे पडले, माझ्या बुटांवर पडले. तो म्हणाला, "ही घेऊ नका. एखाद्या खड्ड्यात दोन तुकडे होतील."

बाबांनी मला विचारलं, हे कशानं? मी मेकॅनिकला विचारून सांगितलं, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून.

"रस्त्यावर मीठ?" ते म्हणाले. "बाप्पा! काऊन सांगितलं नाही कोणी?"

कोण सांगणार? आमच्याकडे गाडी म्हणजे इंजिन. विदर्भातल्या उन्हात तापलेलं लोखंड ज्यांनी जन्मभर हाताळलं, त्यांच्या डोक्यात खालून गंज खातो हे येणार कुठून? मलाही तोवर माहीत नव्हतं, आणि मी तर पाच हिवाळे काढले होते.

नवरा पुन्हा एक्सेल शीट उघडून बसला. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. बाबा दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाला आले आणि म्हणाले, "माझं तिकीट काढून दे. त्या गाडीत तुला मारलंच असतं मी. इथं माझं काही काम नाही."

मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. "बाबा, डेपोत तुमच्या हातून एकही चूक झाली नाही? तेव्हा काय दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकलात? मला बर्फात जायचंय, गाडी अजून मिळालेली नाही, आणि तुम्ही फुगून बसलाय!" सासऱ्यांशी इतक्या चढ्या आवाजात मी आधी कधी बोलले नव्हते. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "एखादा मोठा खोका हाये का घरात? पुठ्ठ्याचा?"

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं ट्रक बघत हिंडलो. मी पुठ्ठा अंथरायचे, आणि सत्तरीचा हा माणूस माझं विंटर जॅकेट घालून चिखलात पाठीवर आडवा व्हायचा आणि ट्रकखाली सरकायचा. खालून फक्त ठकठक ऐकू यायचं. नवऱ्याच्या जपानी कंपनीचे दोन ट्रक त्यांनी नाकारले, शेजाऱ्यांच्या कंपनीचे आणखी तीन. विकणारे वैतागायचे. मी म्हणायचे, थांबा, त्यांचं होऊ द्या.

घेतला तो तिसऱ्या कंपनीचा, जिच्या बाजूने कोणी नव्हतं. नवरा म्हणाला, याला रिसेल नाही. शेजाऱ्यांनी नुसती मान हलवली. बाबा म्हणाले, "नाव पुढं लिवलं असते. भार खाली असते." गॅरेजमधल्या त्याच मेकॅनिकने सगळीकडे टोचून बघितलं आणि विचारलं, ही कोणी शोधली? मी बाबांकडे बोट दाखवलं. त्याने हातातला ग्लोव्ह काढून त्यांच्याशी शेकहँड केला. घरी येईपर्यंत बाबा उजवा हात मांडीवर ठेवून बसले होते.

डेपोत तपासलेल्या प्रत्येक नटवर पिवळ्या रंगाची खूण करायची पद्धत होती. बाबांनी आमच्या शाळकरी मुलीच्या चित्रकलेच्या डब्यातून ऑइल पेंट आणि ब्रश उचलला आणि एक अख्खी दुपार ट्रकखाली घालवली. मुलगी म्हणाली, "आजोबा, you're so weird." मीही हसले. खाली जाऊन बघितलं मात्र नाही.

मुक्काम दोन महिने वाढवून फेब्रुवारीत ते परत गेले. स्क्रू ड्रायव्हर ट्रकच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून गेले. "असू दे. पुढच्या हिवाळ्यात येतोच हाये." दसऱ्याच्या आधी नागपूरला झोपेतच गेले.

ट्रक पाच हिवाळे चालला. एकाही पेशंटची वेळ चुकली नाही. दर वर्षी गंज धरू नये म्हणून मी खालून तेलाचा फवारा मारून घ्यायचे, दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी व्हायची, वरवर बघून तीही पास. मग मला हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली आणि ट्रक विकायला काढला. एक जोडपं आलं. त्यांना कंपनीची शंका होती. मी म्हणाले, नाव सोडा, आधी खालून बघा. पुठ्ठा अंथरला, स्क्रू ड्रायव्हर हातात दिला. पाच मिनिटांनी तो माणूस खालून ओरडला, इथे काहीतरी लिहिलंय, वाचता येत नाही.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रकखाली शिरले. तेलकट काळ्या चासीवर जिकडेतिकडे पिवळ्या खुणा, प्रत्येक नटवर एक. मागच्या डाव्या पाट्याजवळ, चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांपाशी, खूण नव्हती. तिथे एक बाण होता, आणि बाबांच्या डेपोतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "पुढच्या हिवाळ्यात पाहणे."

बाणाच्या टोकाशी मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मी तशीच पडून रडले. त्या माणसाने खाली वाकून विचारलं, काय लिहिलंय?

"माझ्या सासऱ्यांनी लिहिलंय," मी म्हणाले, "की हा ट्रक तुम्हाला विकू नको."