नववा फर्मा

नामपूरच्या स्टँडवर आप्पा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या बोटांना लग्नपत्रिकेची लाल शाई होती. "हॉस्टेलात कुणी अन्याय केला तर आधी लिहून काढ, मग भांड," हा त्यांचा निरोप. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा खिडकीतून आत दिला. गाडी हलली. माझ्या बॅगेत दोन ड्रेस होते, दहावी-बारावीच्या मार्कशीट होत्या आणि एक चोरलेली वस्तू होती.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी आमचा छापखाना सांगायला हवा. आप्पा लग्नपत्रिका छापायचे ते पोटासाठी आणि सभा-मोर्चांची पत्रकं छापायचे ते स्वतःसाठी. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पत्रक जपून ठेवायचं नसतं, ते हातोहात गेलं पाहिजे. आप्पांनी हाच न्याय पुस्तकांना लावला. जाड कादंबरी मिळाली की ती कटिंग मशीनखाली जायची. बत्तीस-बत्तीस पानांचे फर्मे सुटे व्हायचे, प्रत्येकाला दोन पिना लागायच्या. एका कादंबरीचे बारा फर्मे. कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडणाऱ्या बाया ते एकीमागून एक न्यायच्या. पहिलीचा वाचून झाला की दुसरीकडे. कोणाकडे कोणता फर्मा आहे, ते छापखान्याच्या भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं असायचं. दुपारच्या सुट्टीत ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाकीच्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या.

त्या वर्षी एक फार जुनी कादंबरी फिरत होती. आठव्या फर्म्याच्या शेवटी तिच्यातली सून दिराशी भांडून घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. नववा फर्मा सगळ्यांत आधी ताराकाकूंनी नेला होता, पण वाचायला वेळ न मिळाल्यानं मी निघाले त्या सकाळी त्या तो तसाच परत ठेवून गेल्या. मला राहवलं नाही. कागदावर नाव न लिहिता मी तो उचलला. सटाण्याला गाडी बदलताना चटणीचा डबा सांभाळला आणि फर्मा सीटवरच विसरले. एक ओळही वाचली नव्हती.

भिंतीवरच्या कागदावर नवव्या फर्म्यापुढं एकच नाव होतं, ताराकाकूंचं. मधला भाग गेल्यावर पुढचे फर्मेही कुणी उघडले नाहीत.

आई फोनवर हसत सांगायची, "अगं, बाया म्हणतात, ताराच्या बंबात गेला नववा फर्मा. पाणी मात्र चांगलं तापलं असेल!" मी पण हसायचे. हळूहळू काकूंना कुणी फर्मा देईनासं झालं. मग दुपारी त्या वाचनाला बसेनाशाही झाल्या, डबा घेऊन पलीकडच्या कांदे साठवायच्या चाळीच्या सावलीत जायच्या. आणि मी? नाशिकच्या हॉस्टेलात संध्याकाळी सातला गेट बंद करण्याविरुद्ध पत्रकं काढत होते. 'खरं बोलायला परवानगी लागत नाही' असं एका पत्रकाचं शीर्षक होतं. ते लिहिताना माझा हात अडखळला नाही, याची आज लाज वाटते.

सहा वर्षं मी ती कादंबरी शोधली. जुन्या पुस्तकांची दुकानं, ग्रंथालयं, रद्दीचे गठ्ठे, सगळं पालथं घातलं. कुणी पुन्हा छापलीच नव्हती. याच काळात माझं ई-रीडरशी वैर होतं. जे पुस्तक वाचून शेजारणीच्या हातात देता येत नाही ते पुस्तक नव्हेच, असं पत्रक काढून मी एका वाचनालयाच्या दारात वाटलं होतं. माझी पीजीतली रूममेट शबाना मालेगावची. ती सगळं जुनं साहित्य ई-रीडरच्या पाटीवरच वाचायची. माझं पत्रक तिनं खूण म्हणून वापरायला मागितलं. "पण खूण ठेवू कुठं, माझ्या पुस्तकाला पानंच नाहीत," असं वर म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात तिनं ती पाटी माझ्यासमोर धरली. "ताई, हीच का तुझी कादंबरी?"

हीच होती. कुणीतरी जुन्या प्रतीचं पान न् पान स्कॅन करून ठेवलं होतं. कागदानं जिचा हात सोडला होता तिला या पाटीनं सांभाळलं होतं. मी हरले होते, आणि हरण्यात एवढा आनंद असतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी डीटीपीचं काम करते. चार दिवसांत बत्तीस पानं टाइप करून लावली आणि पुढं एक पान जोडलं. 'नववा फर्मा मी न विचारता नेला आणि हरवला. ताराकाकूंचा काहीही दोष नाही.' खाली माझं पूर्ण नाव. पीडीएफ आप्पांना पाठवली. नंतर फोन आला. आप्पा एवढंच म्हणाले, "दोषाचं वाक्य मोठ्या टाइपात घे. लांबून वाचता आलं पाहिजे."

छापलेले फर्मे घेऊन मी स्वतः खळ्यावर गेले. पहिला ताराकाकूंच्या हातात दिला. त्यांनी पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं. बायांचे हात कांद्यांवर थांबले होते.

"सहा वरीस लागनात तुले?" काकू म्हणाल्या.

काकूंनी पदरानं हात पुसले, गोणीवर बैठक मारली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. आधी माझं पान, बाकीच्या बायांकडे एकेक करून बघत. मग कादंबरी.

या सहा वर्षांत बायांनी आपला नववा फर्मा रचला होता. त्यांच्या गोष्टीत सून दिराला वहाण दाखवते, पाटल्या मोडते आणि एकटी चालत दुसऱ्या गावी जाऊन मास्तरीण होते. खऱ्या नवव्या फर्म्यात मामा येतो आणि तिला गाडीत घालून नेतो.

"मामा?" एकजण ओरडली. "हा कुठून उगवला?"

"एवढ्यासाठी आपन थांबलो व्हतो?"

ताराकाकूंनी फर्मा मांडीवर आपटला. "ह्या मामापेक्षा मना बंब बरा!"

अख्खं खळं हसलं. काकू सगळ्यांत जोरात हसल्या. त्याच दुपारी ठराव झाला, नवव्याचे दोन फर्मे फिरतील. एक लेखकाचा, एक नामपूरचा. नामपूरचा काकूंनी सांगितला आणि मी लिहून घेतला.

आता भिंतीवरचा कागद ताराकाकू सांभाळतात. शबानासारखी पाटी मीही घेतली आहे. तिच्यातून जुनी, आता कुणी छापत नाही अशी पुस्तकं निघतात, माझ्या कॉम्प्युटरवर लागतात, आप्पांकडे छापून पिना लावून खळ्यावर जातात. छापील की ई-रीडर, असं भांडण घालणाऱ्यांना माझं सांगणं आहे, पुस्तक कुठंही जपा, पण ते दहा हातांत जाऊ द्या. या वर्षात आमच्या चार कादंबऱ्या फिरून झाल्या.

गाव सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांसारखीच मीही सहा वर्षं घरी पाहुणीसारखी जात होते. दोन दिवस, गोड जेवण, परत. जिथं आपलं खोटं कुणाला ठाऊक नाही तिथं आपण राहत नसतो, लपून बसलेलो असतो. आता एसटीतून उतरले की मी आल्याची वर्दी देणारी हाक खळ्यावरून येते, "उनी वं फर्माचोर, उनी!" आणि मी मान ताठ ठेवून, भर रस्त्यातून, सरळ त्या हाकेकडे चालत जाते.