माहेरच्या गावात लॉजवर

ओसाकाहून रात्रभराच्या बसने कंबर मोडून घेत किनुए नागासाकीत उतरली आणि थेट स्टेशनमागच्या स्वस्त लॉजवर गेली. सत्तावन्न वर्षांची बाई, जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला. वर्षाकाठी जेमतेम चार दिवसांची रजा. ती यंदा स्वतःसाठीच घालवायची, असं तिने ठरवलं होतं.

लॉजचा मालक निशिदा लगेच नकाशा पसरून बसला.

"ट्राम इथून पकडा, काकू. चढण फार आहे, गुडघे सांभाळा."

"अरे बाबा, या चढणीवर मी दप्तर घेऊन बारा वर्षं पळालेय. तू कुठला?"

"होक्काइदोचा."

"मग गप बस आणि चावी दे."

दुपारी खाणावळीत चाम्पोन नूडल्सचा वाफाळता वाडगा समोर येतो न येतो, तोच शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "अगंबाई, तोकुजीची बहीण ना तू?" भावाच्या गल्लीतलीच बाई. कुठे उतरलीस, तेही तिने विचारून घेतलं. झालं!

संध्याकाळी थोरला भाऊ तोकुजी लॉजच्या दारात हजर. लालबुंद.

"घर असताना इथे? आठ जणींच्या खोलीत? लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"रोज दाखवतोस तेच दाखव, दादा."

"हारुमीने तुझी गादीही घातलीय."

"आणि भांडी? तीही घासायला ठेवली असतील!" किनुएचा आवाज चढला. "गेल्या खेपेला तीन दिवस तुमची अडगळ उपसली मी. आईच्या थडग्यावर गेले ती शेवटच्या दिवशी, पळत पळत. हारुमीवहिनी म्हणे, तू काय घरचीच! घरचीला सुट्टी नसते?"

निशिदा काउंटरवरची नसलेली धूळ पुसत राहिला.

"मग तेव्हाच बोलायचंस," तोकुजी पुटपुटला.

"बोलले होते. तू टीव्ही बघत होतास."

तो पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनुए थडग्यापाशी पोचली, तर तोकुजी बादली घेऊन धापा टाकत बसलेला.

"मी धुतलंय. तू नुसती बस."

दगडावर शेवाळ तसंच होतं. तिचे हात शिवशिवले, पण ती बसली.

"डावीकडे राहिलंय, दादा."

तो कुरकुरत पुन्हा वाकला. घासता घासता म्हणाला, "जेवायला तरी ये."

ती गेली, जेवली आणि वाडगे तिथेच ठेवून उठली. हारुमीने निरोपही धड दिला नाही. उतारावर किनुएला वाईट वाटलं, थोडंसंच. मग ट्राम सोडून ती चालत बंदराकडे निघाली.